आई कपाटात होती ती वर्षं

लंडनमधल्या आमच्या ईलिंगच्या घरात सगळ्यात उबदार जागा कुठली, तर जिना चढून गेल्यावर डाव्या हाताला असलेलं एअरिंग कपबोर्ड. आत गरम पाण्याची तांब्याची टाकी, तिच्या वर लाकडी पट्ट्यांच्या फळ्या, आणि फळ्यांवर टॉवेल, चादरी, पायमोजे. हल्लीच्या घरांत ती टाकीही नाही आणि ते कपाटही नाही. माझ्या मुलीला सांगितलं तर म्हणते, आई, कपडे गरम करायला अख्खं कपाट? हो बाई, अख्खं कपाट. माझी आई माझा शाळेचा शर्ट आदल्या संध्याकाळी त्यात ठेवायची आणि सकाळी खालून ओरडायची, "मंजू, घाल लवकर, गार होईल!" पुण्याहून विसाव्या वर्षी लग्न करून ती इथे आली, आणि तेव्हापासून तिला जी थंडी वाजायला लागली ती कधी थांबलीच नाही. जुलैमध्ये स्वेटर घालणारी बाई. ती गेली तेव्हा क्रिमेटोरियमने तिच्या अस्थी एका चॉकलेटी प्लॅस्टिकच्या बरणीत दिल्या, फिरकीचं झाकण असलेल्या. बाबांनी ती बरणी घरी आणली, हॉलमध्ये थोडा वेळ नुसते उभे राहिले, मग वर गेले आणि मधल्या फळीवरचे माझे शर्ट बाजूला काढून तिथे बरणी ठेवली. का, तर तिला थंडी सोसत नाही. मला हे अगदी बरोबर वाटलं. आज साठी उलटल्यावरही चूक वाटत नाही.

चूक पुढे झाली. बरणी तिथेच राहिली. "पुढच्या सुट्टीत नाशिकला जाऊ," बाबा म्हणायचे, आणि सुट्टी यायची, जायची. पुण्याहून आत्याचे फोन यायचे, "अरे, वर्ष होत आलं, लोकं काय म्हणतील?" बाबा रिसीव्हर कानापासून लांब धरून ऐकायचे आणि "बघतो" म्हणून ठेवून द्यायचे. खरं कारण आत्याला माहीत नव्हतं, मला होतं. दहाव्याला कावळा शिवला नव्हता. वेम्बलीचे माधवकाका, ज्यांना मंत्र येत होते, त्यांनी आमच्या मागच्या गार्डनमध्ये सगळं साग्रसंगीत केलं. बाबांनी डोकं भादरलं होतं, वर टोपी. पाऊस होता, पिंड भिजू नये म्हणून त्यावर छत्री धरलेली, मग छत्रीला कावळा बिचकेल म्हणून ती बंद केली. कावळा होता! शेजारच्या घराच्या धुरांड्यावर बसून आमची मजा बघत होता. बाबा एकेक कबूल करायला लागले. मंजूला शिकवीन. तुझ्या धाकट्या बहिणीकडे लक्ष ठेवीन. पुन्हा आवाज चढवणार नाही. कावळ्याची काळी-पांढरी चुलतबहीण, एक मॅगपाय आली, पिंडाकडे तिरकं बघून निघून गेली. मी मुलगी, त्यामुळे मी किचनच्या खिडकीतून बघत होते. शेवटी माधवकाकांना उशीर व्हायला लागला आणि त्यांनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. शास्त्रात बसतं म्हणाले. बसत असेल. बाबांना ते बसलं नाही. "तिचं काहीतरी राहिलंय," एवढंच म्हणाले, आणि जे राहिलंय ते कळेपर्यंत तिला घराबाहेर काढायचं नाही असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

मला त्या काळात काही वाटत नव्हतं. हे मी शोभेसाठी लिहीत नाहीये, खरंच वाटत नव्हतं. चहाने जीभ भाजायची आणि मला ते नंतर कळायचं. शाळेत टीचर डोकं एका बाजूला कलवून विचारायच्या, "हाउ आर यू, लव्ह?" आणि मी "फाइन" म्हणायचे, कारण फाइनच होतं. बाबा कौन्सिलच्या रस्तेविभागात इंजिनिअर होते. संध्याकाळी घरी यायचे, टाय न काढता टोस्टवर बीन्स ओतायचे, आम्ही दोघं टीव्हीसमोर बसून खायचो. नंतर ते वर जायचे आणि कपाटाचा दरवाजा उघडून उभे राहायचे. त्यांच्या पाठीमागून मी माझ्या खोलीत गेले तरी त्यांना पत्ता नसायचा. एक मात्र मला हवं होतं, आणि तेवढंच हवं होतं. ते कपाट रिकामं व्हावं. आई जावी म्हणून नाही हो. आई गेलीच होती. बाबा परत यावेत म्हणून.

अशात डोरोथी आली. डोरोथी म्हणजे आमच्या डाव्या भिंतीपलीकडची रिटायर्ड शाळामास्तरीण, सायकलवरून हिंडणारी, कुठल्या ना कुठल्या कमिटीत असणारी. तिच्या कमिटीने अमेरिकेहून एका वृद्ध गृहस्थांना बोलावलं होतं. ते लाकोटा होते, म्हणजे अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांपैकी, ज्यांना तेव्हा सगळे 'रेड इंडियन' म्हणायचे; त्यांच्या लोकांचे चीफ, आणि औषधं, मंत्र, सोहळे जाणणारे वैद्यही. उतरायचे होते डोरोथीकडे, पण नेमकी तिची आई आजारी पडून तिच्याकडे राहायला आली. "तुमच्याकडे एक खोली आहे ना?" ती बाबांना म्हणाली. आता 'इंडियन पाहुणा इंडियन घरी' हा विनोद आमच्या रस्त्यातल्या प्रत्येक माणसाने तेव्हा केला आणि आपणच पहिल्यांदा केला अशा थाटात केला. माझे कान किटले आहेत. तो विनोद इथे नाही. बाबांना 'नाही' म्हणायला शब्द सापडले नाहीत, एवढंच झालं.

त्यांचं नाव मी लिहिणार नाही. त्यांची नात आणि मी अजून व्हॉट्सअ‍ॅपवर बोलतो. ती म्हणाली, काकू, तुमच्या घरात जे घडलं ते लिहा, आमच्या सोहळ्यांचं मात्र लिहू नका, आणि नाव नको. बरं, नको. आम्हीसुद्धा त्यांना नावाने हाक मारली नाही कधी. त्यांच्यातही वडीलधाऱ्याला नावाने हाक मारणं म्हणजे उद्धटपणा, नात्यानेच बोलायचं. हे त्यांनी सांगितल्यावर बाबांनी पहिल्यांदा मान वर केली आणि म्हणाले, "मग आजोबा." झाले आजोबा. उंच, थोडे वाकलेले, करड्या केसांच्या दोन वेण्या, जुना तपकिरी सूट, घरातही डोक्यावर हॅट, आणि हात मिळवला तर इतका हलका की मिळवला की नाही असं वाटावं. ते माझ्याकडे बघायचे नाहीत. समोरच्याच्या डोळ्यांत रोखून बघणं त्यांच्याकडे बरं दिसत नाही. मला केवढं हायसं वाटलं! दोन वर्षं सगळं जग माझ्या तोंडाकडे बघत होतं.

पहिल्या संध्याकाळी गंमत झाली, म्हणजे आता गंमत म्हणायची. घरात पाहुणा आणि बीन्स-टोस्ट? बाबांची कुठली तरी जुनी कळ दाबली गेली. त्यांनी माळ्यावरून आईची लोखंडी कढई काढली. पुऱ्या, बटाट्याची भाजी, वरणभात, साउथहॉलहून आणलेलं श्रीखंड. जेवायला बसल्यावर आजोबांनी प्रत्येक पदार्थाचा चिमूटभर घास एका बशीत काढला, उठले, मागचं दार उघडून पेअरच्या झाडाखाली ती बशी ठेवून आले. बाबा माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "चित्राहुती घालतायत गं." आजोबांना पानाभोवती भाताची शितं ठेवण्याची आपली पद्धत सांगितली, तेव्हा त्यांनी मान हलवली आणि जेवायला लागले. त्यांचं ताट रिकामं झालं की बाबा वाढत. आपल्याकडे पाहुण्याचं ताट रिकामं दिसणं म्हणजे यजमानाची लाज. वाढलं की आजोबा खात. त्यांच्याकडे समोर आलेलं अन्न नाकारणं म्हणजे रांधणाऱ्याच्या थोबाडीत मारणं. बाबा "अजून एक, माझ्यासाठी" म्हणत होते, आजोबा गंभीर चेहऱ्याने ती एक खात होते, आणि दोघांपैकी एकालाही थांबायचा रस्ता माहीत नव्हता. श्रीखंड संपलं तेव्हा कुठे थांबले. दुसरा अख्खा दिवस आजोबा बाथरूम आणि पलंग यांच्या मध्येच होते. डोरोथीने बाबांना झाप झाप झापलं. "तुम्ही त्यांना मारणार होतात का?"

तिसऱ्या दिवशी आजोबांनी दोन्ही बाजू नीट समजून घेतल्या आणि एक करार सुचवला. बाबांनी एकदाच विचारायचं. आणि उरलेलं त्यांनी आपल्या डब्यात घालून न्यायचं, कारण त्यांच्याकडे जेवणाला जाताना माणूस स्वतःचा डबा घेऊनच जातो. त्यांनी बॅगेतून मार्जरिनचा एक जुना डबा काढून टेबलावर ठेवला. बाबांनी कबूल केलं आणि खरंच एकदाच विचारलं. आजोबा डब्याचं झाकण लावत म्हणाले, "माझ्या आयुष्यात आमच्या लोकांशी केलेला आणि पाळला गेलेला हा पहिलाच तह." बाबा हसले. दोन वर्षांत मी तो आवाज ऐकला नव्हता. मला आनंद व्हायला हवा होता. मी फक्त नोंद घेतली, की बाबा हसले.

ते कशासाठी आले होते, ते आधी सांगते. त्यांच्या आजीची धाकटी बहीण, सहा-सात वर्षांची, आईबापांबरोबर घोड्यांचे खेळ करणाऱ्या एका तमाशा-सर्कशीतून इंग्लंडला आली होती. तंबूत खोकल्याने गेली, आणि उत्तरेकडच्या एका गिरण्यांच्या गावात तिला पुरून खेळ पुढच्या गावी गेला. आजी म्हातारी होईपर्यंत एकच म्हणत राहिली, तिला अंधाराची भीती वाटायची, तिला तिथे एकटीला ठेवू नका. आजोबांना तिला घरी न्यायचं होतं. कमिटी चर्चवाल्यांशी बोलत होती, तिकडून उत्तर यायला आठवडे लागत होते, आणि तोवर आजोबा आमच्या किचनमध्ये बसून मटार सोलत होते. शाळेतून आल्यावर मीही समोर बसायचे. ते बोलले तर बोलले, नाही तर नाही. मध्ये एवढी मोठी शांतता असायची की एखादा इंग्रज माणूस तीनदा हवापाण्याबद्दल बोलला असता.

असंच तुकड्या-तुकड्यांनी त्यांचं आयुष्य मी ऐकलं. आजीने वाढवलेलं पोर. कुठली मुळी कधी उपटायची, उपटताना तिला काय सांगायचं, हे आजीच्या मागे फिरत शिकलेले. मग एक दिवस गाडी आली आणि त्यांना निवासी शाळेत घेऊन गेली. तिथे पहिल्याच सकाळी त्यांचे केस कापले. "आमच्यात घरचं कुणी मेलं की केस कापतात," ते मटारची शेंग उघडत म्हणाले. "मला वाटलं, आजी मेली. मी रडलो. सगळीच मुलं रडत होती, प्रत्येकाला वाटत होतं आपल्या घरचं कुणीतरी गेलं. कुणी सांगितलंच नाही की शाळेचा तो नियमच आहे. उन्हाळ्यात घरी गेलो तर आजी दारात उभी." मी विचारलं, "मग आनंद झाला?" ते म्हणाले, "नाही. मी सगळं रडून संपवलं होतं. तिच्याकडे बघत राहिलो आणि काहीच वाटलं नाही. फार दिवस वाटलं नाही." मटारचा दाणा माझ्या हातातून निसटून फ्रिजखाली गेला. माझ्यासारखं दुसरं कुणी असू शकतं हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हतं.

पुढे ते दुसऱ्या महायुद्धात सैनिक म्हणून बोटीतून इथेच येऊन गेले, इंग्लंडच्या चिखलात तंबूत राहिले. परत गेल्यावर दुसऱ्यांच्या शेतात बटाटे काढले, रेल्वेचे रूळ टाकले. मग स्वप्नं पडायला लागली, आणि आजीच्या वळणाच्या माणसांना त्या स्वप्नांचा अर्थ एकच माहीत होता. त्यांनी बरीच वर्षं ते टाळलं. "मला नको होतं ते काम. लोक मध्यरात्री दार वाजवतात." टाळत राहिले आणि आजारी पडत राहिले, शेवटी पत्करलं. त्या काळी त्यांच्या सोहळ्यांना सरकारची बंदी होती, म्हणून खिडक्यांना ब्लँकेटं लावून हळू आवाजात गायचं. चीफचं काय, म्हटलं, तो तर मोठा मान असेल? ते गालातल्या गालात हसले. "चीफ म्हणजे गावातला सगळ्यात गरीब माणूस. मागायला आलेल्याला द्यायचं. बायको म्हणते, लग्नात आणलेली एक तरी कढई राहू दे घरात."

एका शनिवारी बाबा बाहेर गेले होते. आजोबांना अंघोळीला टॉवेल हवा होता, आणि मी खालून ओरडून सांगितलं, जिन्यावरच्या कपाटात आहे. मग आठवलं. धावत वर गेले तर ते कपाट उघडून उभे, अगदी बाबा उभे राहतात तसे. टॉवेलला हात लावला नव्हता. "कोण आहे?" त्यांनी विचारलं. 'काय आहे' नाही. मी म्हटलं, "माझी आई." ते एक पाऊल मागे सरले, आणि डोक्यावरची हॅट काढली.

"किती दिवस?"

"दोन वर्षं होऊन गेली."

"आमच्यातही ठेवतात," ते म्हणाले. "गेलेल्याचा जीव घरात ठेवतात, वर्षभर. जो ठेवतो त्याचे नियम कडक असतात. भांडायचं नाही, धावायचं नाही, हसायचं कमी. तुझे बाबा तसेच राहतात. मला वाटलंच होतं." मग त्यांनी विचारलं, "तिला जेवायला कोण वाढतं?"

"कुणी नाही."

त्यांनी सावकाश दरवाजा लोटला, अंघोळीला टॉवेलशिवाय गेले आणि शर्टाने अंग पुसलं. मी जिन्यावर बसून राहिले. उपाशी ठेवलं होतं आम्ही तिला. जी बाई सगळ्यांना वाढून झाल्याशिवाय बसायची नाही, तिला आम्ही गरम कपाटात उपाशी ठेवलं होतं. 

चर्चचं उत्तर आलं. पाहायला या, असं होतं. डोरोथीच्या गाडीतून आम्ही निघालो, आजोबा पुढे, बाबा आणि मी मागे. बाबांना यायला कुणी सांगितलं नव्हतं, त्यांचे तेच गाडीत येऊन बसले. मोटरवेवर पाऊस, सर्व्हिस स्टेशनवरचा पाणचट चहा. त्या गावात पोचलो तर तिथला तरुण पाद्री, व्हिकार, छत्री घेऊन गेटपाशीच उभा होता. बिचारा फार भला माणूस. त्याने आम्हाला चर्चच्या मागे नेलं. तिथे हिरवळ होती आणि हिरवळीवर झोपाळे, घसरगुंडी. जुनी दफनभूमी कधीच सपाट करून टाकली होती, दगड काढून भिंतीला लावलेले, आणि ज्यांना दगडच नव्हता ते कुठे आहेत हे आता कुणालाच सांगता येत नव्हतं. "आय अ‍ॅम सो व्हेरी सॉरी," तो म्हणत राहिला. डोरोथी रडायला लागली. आजोबा ओल्या बाकावर बसले. दोन लहान मुली रेनकोट घालून झोपाळ्यावर बसल्या होत्या, आणि एकीच्या झोपाळ्याची साखळी करकर वाजत होती. बराच वेळ ते तो आवाज ऐकत बसले. मग त्यांनी कोटाच्या खिशातून मार्जरिनचा डबा काढला. सकाळी बाबांनी केलेल्या गोड शिऱ्यातला थोडा त्यांनी काढून ठेवला होता. ते भिंतीपाशी गेले, तो गवतावर ठेवला आणि त्यांच्या भाषेत काही बोलले, ते मी लिहीत नाही. परत आले तेव्हा रिकाम्या डब्यात मूठभर माती होती.

गाडीत बसल्यावर बाबांनी विचारलं, "तुम्ही इतक्या लांबून आलात, आणि ती मिळाली नाही. आता काय करणार?"

"आजीच्या कबरीपाशी जाऊन तिला सांगणार, तुझ्या बहिणीच्या डोक्यावर दिवसभर पोरं खेळतात. अंधार नाही तिथे."

बाबा खिडकीबाहेर बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. न्याहारी झाली, आणि आजोबांनी बशी हातात घेऊन, बाबांकडे न बघता, टेबलाकडे बघत म्हटलं, "वर जी आहे, तिलाही वाढायला हवं. मुलीने मला सांगितलं." मला वाटलं, आता बाबा उठून जाणार. ते उठले नाहीत. कधी कुणाला सांगितलं नव्हतं ते सगळं त्यांनी सांगून टाकलं, ती छत्री, तो धुरांड्यावरचा कावळा, ते दर्भाचं. "तिचं काय राहिलं तेच मला कळत नाही," ते म्हणाले. "ते कळल्याशिवाय तिला कसं पाठवू? आणि ती गेली की वरचं ते कपाट... मी संध्याकाळी कुठे उभा राहू?" आजोबांनी अगदी साधं विचारलं, "तिला काय खायला आवडायचं?"

"श्रीखंड," बाबा म्हणाले, आणि लगेच मान हलवली. "नाही. ते मला आवडतं." मग, "पुरणपोळी?" ती मला आवडायची. "भरली वांगी..." ती पुन्हा त्यांनाच. वीस वर्षांचा संसार, आणि त्या माणसाला आपल्या बायकोला काय आवडायचं ते सांगता येईना! त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्यामागच्या भिंतीकडे नाही, माझ्याकडे बघितलं.

मला माहीत होतं. मला पहिल्यापासून माहीत होतं, पण मला कुणी विचारलंच नव्हतं, आणि 'बाबांना सांगू नकोस हं' असं आई म्हणाली होती. दर शुक्रवारी लायब्ररीतून येताना ती हाय स्ट्रीटच्या कोपऱ्यावरच्या दुकानातून चिप्स घ्यायची, म्हणजे बटाट्याच्या जाड, गरमागरम तळलेल्या फोडी. मासे तळणाऱ्या दुकानातून. कागदाच्या पुडक्यात, वर मीठ आणि व्हिनेगर इतकं की डोळ्यांत पाणी यावं. बसस्टॉपच्या बाकावर बसून ते पुडकं आधी दोन्ही हातांत धरायची, मग मांडीवर, मग गालाला लावायची, आणि म्हणायची, "या देशात आल्यापासून एवढी एकच गोष्ट मला पोटापर्यंत गरम वाटते." एकेक चिप खायची. मला दोन द्यायची, जास्त नाही. त्या पुडक्यापुरती ती कुणाचीच आई नव्हती.

"चिप्स," मी म्हटलं.

"कसले चिप्स?"

"कोपऱ्यावरचे. व्हिनेगर घालून. दर शुक्रवारी खायची."

आमच्या घरात अंडंसुद्धा येत नव्हतं. बाबांच्या चेहऱ्यावर मी ते एकेक पायरी चढत जाताना पाहिलं. "पण ते कशात तळतात, ती चरबी..." ते म्हणाले.

"कशात तळतात ते तुम्हाला माहीत आहे, बाबा. तिलाही माहीत होतं."

आजोबा मिठाच्या बाटलीकडे बघत होते. मला वाटलं, संपलं, मी आईला शेवटची बाटवली. बाबा उठले, हॉलमध्ये गेले, कोट घातला, आणि दारातून ओरडले, "व्हिनेगर किती, ते सांगायला तू चल ना!"

रविवारी ते दुकान बंद. आम्ही दुसरं शोधत साउथहॉलच्या दिशेने पार पुढच्या चौकापर्यंत चालत गेलो. माणूस फडकं मारून काउंटर पुसत होता, कढई नुकतीच तापली होती. बाबा आयुष्यात पहिल्यांदा अशा दुकानात शिरले होते, टाय घालून. "अजून," मी म्हणत होते, "अजून व्हिनेगर," आणि तो माणूस बाबांकडे बघत होता, आणि बाबा म्हणत होते, "माय डॉटर नोज." येताना पुडकं त्यांनी कोटाच्या आत धरलं, गार होऊ नये म्हणून. घरी आल्यावर आईची बरणी त्यांनी स्वतः खाली आणली आणि गार्डनमधल्या खुर्चीवर ठेवली, तिच्याभोवती टॉवेल गुंडाळला. या वेळी मी खिडकीत नव्हते. आजोबा दारात हॅट काढून उभे राहिले. बाबांनी पुडकं उघडून पेअरच्या झाडाखाली ठेवलं, वाफ निघत होती, आणि ते मराठीत म्हणाले, "जेव गं. मला काय माहीत! सांगायचंस ना."

कावळा कुठून आला ते मी पाहिलंसुद्धा नाही. आम्ही मागे सरायच्या आत आला. मोठ्ठा, काळाभोर, ईलिंगच्या डस्टबिनवर पोसलेला. सगळ्यात लांब चिप चोचीत धरली, आमच्याकडे एक नजर टाकली आणि उडाला. मागून दुसरा, तिसरा, मग एक सीगल. डोरोथी कुंपणावरून बघत होती, तिला वाटलं असणार की शेजारी वेडे झाले. लंडनच्या कावळ्याला गरम चिप्स घातले तर तो येणारच, हे कुठलंही शेंबडं पोर सांगेल. मला ते तेव्हाही कळत होतं. बाबांनाही कळत होतं, ते इंजिनिअर होते. तरी ते ओल्या गवतात गुडघ्यांवर बसले आणि हसताहसता रडायला लागले. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. हाताला त्यांच्या कोटाला लागलेली ऊब कळली, पण बाकी मला अजून काही वाटत नव्हतं. खोटं कशाला लिहू?

आजोबा त्या आठवड्यात गेले. त्यांच्याकडे घरात ठेवलेला जीव सोडून देताना घरातल्या वस्तू वाटून टाकतात, म्हणून बाबांनी आईचा जाड लोकरी कोट त्यांच्या बायकोसाठी दिला आणि लोखंडी कढईही दिली. "तुमच्या घरात एक तरी राहू दे," बाबा म्हणाले. नात सांगते की ती कढई अजून आहे, तिच्यात ते मैद्याचे वडे तळतात. हाफ-टर्मच्या सुट्टीत आम्ही नाशिकला जाऊन आलो. आत्याने विचारलं, आता कसं काय सुचलं? बाबा म्हणाले, "तिचं जेवण झालं."

परत आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी शाळा होती. सकाळी उठले, युनिफॉर्म शोधायला लागले, खुर्चीवर स्कर्ट होता, शर्ट नव्हता. बाहेर आले. कपाटाचा दरवाजा अर्धवट उघडा होता, आणि मधल्या फळीवर, बरणी होती नेमक्या त्याच जागी, माझा शर्ट घडी करून ठेवलेला होता. घडी वाकडी होती, बाह्या बाहेर लोंबत होत्या. मी तो घातला. तो पाठीला, दंडांना, गळ्याशी, सगळीकडे गरम लागला. आणि मग मी तिथेच जिन्यावर बसले आणि दोन वर्षांचं रडले, मोठ्याने, नाक गळेपर्यंत.

खालून बाबांचा आवाज आला, "मंजू, घातलास का? लवकर घाल गं, गार होईल."